मोरचुदाची खळ

मास्तरचं वागणंच असं, की एखादवेळ दगडाला पाझर फुटेल, पण याच्या तोंडातून शब्द फुटणार नाही. थोरल्या बाई हे गेली सहा वर्षं सांगत होत्या, आणि ऐकायला दुसरं कुणी नसल्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीला सांगत होत्या.

"मुलूखभरच्या लोकांना दोन दोन पानं लिहून कळवतो, की बाबांनो, या दोन शब्दांच्या मध्ये आडवी काडी घाला आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये घालू नका. आणि जन्मदात्या आईनं विचारलं, भाजीत मीठ बरं आहे का, तर 'हं'. हं म्हणजे काय? जास्त? कमी? म्हैस हंबरली तर कळतं तरी, तहानली आहे का रेडकू आठवलंय. याच्या 'हं'चा अर्थ लावायला मी कुठल्या पंडिताकडे जाऊ?"

भिंतीचाही मास्तरसारखाच स्वभाव. ऐकून घ्यायची, बोलायची नाही.

मास्तर म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. वय साठ. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची आणि अहोजाहो करायची. थोरल्या बाईंनी त्याला जन्म दिला होता, तेव्हा त्या अरेतुरे करत, आणि ही गोष्ट त्यांच्या बाजूनं चालली आहे म्हणून इथंही तो 'तो'च राहील. शाळेत इंग्रजी शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. पण त्याची खरी ओळख होती ती एका साप्ताहिकातल्या सदरामुळे. इंग्रजी लिहिताना कुणाची गाडी अडली, की तो माणूस साप्ताहिकाला पत्र टाकायचा. साप्ताहिकवाले आठवडाभराची पत्रं न फोडता, गठ्ठा बांधून दर मंगळवारी मास्तरकडे पाठवायचे. तीन उत्तरं छापून यायची. बाकीच्यांना मास्तर स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शाईनं, घरपोच उत्तर पाठवायचा. तीस वर्षं. एकालाही विन्मुख धाडलं नाही.

यात बाईंचं काम काय, तर पाकिटं. आधी हे काम सून करायची. सून होती तोवर घरात तिघांचं बोलणं ती एकटी बोलायची, त्यामुळे मायलेकांपैकी कुणाला बोलायची सवयच लागली नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली आणि मग कळलं, की घरात आवाज होता तो तिचाच. बाईंनी पाकिटांचा सुरा हातात घेतला. गठ्ठा सोडायचा, पाकीट डाव्या कडेनं चिरायचं, पत्र बाहेर काढून पाकीट त्याच्या पाठीला टाचणीनं टोचायचं, म्हणजे पत्ता हरवत नाही. मग मास्तरच्या डाव्या कोपराशी चळत. संध्याकाळी उजव्या कोपराशी उत्तरं तयार. ती बंद करायची, तिकिटं लावायची, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायची.

इंग्रजीचं एक अक्षर बाईंना येत नव्हतं. मराठी येत होतं, पण बोट फिरवत. दुसरीत शाळा सुटली, कारण घरात धाकटी भावंडं होती. नवरा बुकबाइंडर मिळाला. त्या घरात बाई एक गोष्ट अशी शिकल्या, की नवऱ्यानंही हात जोडावे: खळ करायला. कणकेची खळ, मंद आचेवर, एकाच दिशेनं ढवळायची, आणि उतरवताना चिमूटभर निळं मोरचूद. मोरचूद घातलं की कीड पुस्तकाच्या वाटेला जात नाही. फक्त एक होतं, सुकल्यावर कडेला निळसर झाक राहायची. नवरा म्हणायचा, "ही आपल्या घरची सही." नवरा जाऊन वीस वर्षं झाली, पुस्तकं बांधायचा फळा माळ्यावर गेला, पण खळीची वाटी अजून खिडकीत होती. तिकिटाच्या मागचा सरकारी गोंद बाईंना मंजूर नव्हता. "पावसाळी हवेत माणसं निसटतात, तिकीट काय राहील?" असं म्हणून त्या प्रत्येक तिकिटाला आणि प्रत्येक पाकिटाला खळ लावायच्या.

तर असं चाललं होतं. पण गठ्ठा बारीक व्हायला लागला. चाळीस पत्रांचा गठ्ठा वीसवर आला, वीसचा आठवर. लोकांच्या हातात फोन आले. फोनलाच विचारायचं, फोनच सांगतो. एका मंगळवारी एकच पत्र आलं, तेही औषधाच्या जाहिरातीचं निघालं. मास्तर टेबलापाशी बसला. पेनचं टोपण काढलं, पेन कागदाच्या बाजूला ठेवलं, आणि दुपार होईपर्यंत तसाच बसून राहिला. पेनाचं टोक सुकून गेलं.

त्याच आठवड्यात संपादकाचा फोन आला. बाई दाराआडून ऐकत होत्या. स्वतःच्या घरात दाराआडून ऐकायची वेळ यावी ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे, पण समोर उभं राहून ऐकू येत नसेल तर माणूस काय करणार?

"दहा?" मास्तर म्हणाला. "आठवड्याला किमान दहा, नाहीतर सदर बंद. वर्षअखेरपर्यंत. बरं." मग म्हणाला, "नाही, नाही, तुमचं बरोबर आहे. पण मग मी काय करू?"

बाईंनी दाराची चौकट धरली. साठ वर्षांत त्यानं हा प्रश्न कधी आईला विचारला नव्हता. बाप गेला तेव्हा नाही, बायको गेली तेव्हा नाही. आणि विचारला कुणाला, तर ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा संपादकाला.

राग आला, गिळला. मग रागाच्या खालून दुसरं काही वर आलं. बाई ऐंशीच्या होत्या. हिशोब सरळ होता: त्या आधी जाणार. मागे हा, चार खुर्च्या आणि ते टेबल. मित्र नाही, शेजार नाही, मूलबाळ नाही. बाजारात गेला तर वजनकाट्याकडे बघून परत येतो, भाजीवालीकडे बघत नाही. निदान दर मंगळवारी दाराशी कुणी गठ्ठा आणून टाकतं, दहा-वीस लोक 'आदरणीय सर' म्हणतात, काही विचारतात. तेवढा धागा तरी राहायला हवा. तो तुटला तर हा टेबलापाशी बसल्या बसल्या सुकून जाईल, त्या पेनासारखा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काठी घेतली आणि कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात गेल्या.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोबण. आत कॉम्प्युटर, छपाईचं यंत्र, एक स्टूल आणि टायपिस्टबाई. पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर, जीभ तयार. लोकांचे अर्ज, भाडेकरार, तक्रारी इंग्रजीत करून देण्यात तिची हयात गेली होती.

"कशाचा अर्ज, आजी?"

"आजी तुझ्या नातेवाइकांत शोध. मला बाई म्हण."

टायपिस्टबाईनं चष्मा खाली ओढला. "बरं, बाई. कशाचा अर्ज?"

"अर्ज नाही. पत्रं हवीत. इंग्रजीत. आठवड्याला आठ. वेगवेगळ्या माणसांची."

"कुठली माणसं?"

"ती तूच जन्माला घाल. आणि त्यांना इंग्रजीतल्या शंका हव्यात. काडी घालायची का नाही, असल्या."

सगळं ऐकून घेतल्यावर टायपिस्टबाई हसली नाही, हे बाईंनी मनात नोंदवलं. ती म्हणाली, "शंका घालते मी. त्या लोकांच्या ठरलेल्याच असतात. एक त्या काडीची, हायफनची, आणि दुसरी कर्ता-क्रियापदाची. इंग्रजीत एकट्याच्या क्रियापदाला शेपूट लागतं, बाई. दोघं असले की शेपूट गळतं. लोक तिथंच घसरतात."

"एकट्याला शेपूट हवंच," बाई म्हणाल्या. "मागं वळून बघितलं तर काहीतरी दिसायला नको?"

"पण शंका वाक्यात बसवावी लागते. आणि आठवड्याला आठ वाक्यं मी कुठून आणू? भाडेकराराची वाक्यं घातली तर वाचणारा झोपेल. वाक्यं तुम्ही सांगा."

बाई स्टुलावर बसल्या. वाक्य सांगा म्हटल्यावर माणसाला काय सुचणार? समोर दिसतं ते. घरी काय दिसतं ते. त्या म्हणाल्या, "ओट्यावर भांड्यांचा ढीग पडला आहे."

"झकास! ढीग पडला का भांडी पडली? शेपूट लावायचं का नाही? अर्धं जग इथं चुकतं. अजून?"

"घरात दोन माणसं आहेत, पण कुणीच बोलत नाही."

टायपिस्टबाईनं ते जसंच्या तसं टाइप केलं.

मोबदल्याचं बोलणं निघालं तेव्हा बाईंची नजर तिच्या जाडजूड शब्दकोशाकडे गेली. कणा फाटलेला, पानं सुटलेली, दोरीनं बांधलेला. "हा काय हाल केलास याचा? जनावराला पण कुणी असं बांधत नाही. मी बांधून देते. माझ्या मालकांचा हात मी पाहिलाय चाळीस वर्षं." तिथं सौदा मिटला.

पत्ते मात्र पंचाईत. लिहिणाऱ्यांना घर तर हवं. बाईंना आपल्या गल्लीखेरीज पत्ते ठाऊक होते ते लग्नानंतर जिथं जिथं भाड्यानं राहिल्या त्या खोल्यांचे. गिरणीमागची खोली. गच्चीच्या जिन्याखालची खोली. दोन विहिरींच्या मधल्या चाळीतली खोली. "मास्तर तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. त्याला काय आठवतंय?" असं म्हणून त्यांनी शिंप्याला जिन्याखाली ठेवलं, एका परिचारिकेला गिरणीमागे, आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला विहिरींच्या मध्ये. टायपिस्टबाई हौशी निघाली. प्रत्येकाला तिनं वेगळं वळण दिलं: शिंप्याला तिरकं अक्षर, परिचारिकेला गोल, पहारेकऱ्याला ठसठशीत.

बाईंनी पाकिटं घरी नेली, मास्तर अंघोळीला गेला तेवढ्यात खिडकीपाशी बसून बंद केली, तिकिटं चिकटवली आणि साप्ताहिकाच्या पत्त्यावर टाकून आल्या.

पुढच्या मंगळवारी गठ्ठा आला. अकरा पत्रं. आठ बाईंची, तीन परक्यांची. बाईंनी आपलीच पत्रं आपल्याच सुऱ्यानं चिरली, आपल्याच टाचणीनं टोचली आणि चेहरा असा ठेवला, की न्यायाधीशानं पाहून शिकावं. मास्तरनं चळत ओढली. पहिलं पत्र वाचलं. उलटून पाकीट पाहिलं. पुन्हा पत्र वाचलं. दुसरं उचललं. तिसरं. मग खिडकीकडे पाहिलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हं," मास्तर म्हणाला आणि पेनचं टोपण काढलं.

त्या संध्याकाळी उजव्या कोपराशी अकरा उत्तरं होती. परक्यांची तीन बाईंनी पेटीत टाकली. आपली आठ पदराखाली घालून टायपिस्टबाईकडे नेली. कुठली आपली हे ओळखायला वाचता यायची गरज नव्हती. परक्यांच्या पाकिटांच्या खुणा त्यांनी ध्यानात ठेवल्या होत्या, आणि मास्तर उत्तर मूळ पत्रावरच ठेवायचा.

"वाच," त्या म्हणाल्या. "मुलगा काय लिहितो ते आईला कळायला हवं."

टायपिस्टबाई मराठी करत वाचू लागली. "शिंपीमहाशय, तुमच्या वाक्यात ढीग एक आहे, म्हणून क्रियापदही एकट्याचं. भांडी क्रियापदाला खेटून उभी आहेत म्हणून त्यांना भुलू नका. जवळ उभा असतो तो कर्ताच असतो असं नाही."

"असं लिहितो?" बाईंनी विचारलं. घरात ज्याचं एक वाक्य धड ऐकू येत नाही, तो शिंप्याशी इतकं गोड बोलतो! त्यांना शिंप्याचा हेवा वाटला. मग आठवलं, शिंपी आपणच.

असे आठवडे जात राहिले. बाईंना बुधवारचं व्यसन लागलं. कचेरीपर्यंतचा रस्ता, मध्ये दोनदा टेकायचं, दुकानाच्या तीन पायऱ्या, मग स्टूल. गुडघे रडायचे, पण बाई ऐकत नव्हत्या. शब्दकोशाचं एकेक पान खळीनं जोडता जोडता त्या वाक्यं सांगायच्या आणि उत्तरं ऐकायच्या. सुरुवातीला वाक्यं ओट्यावरची, दाराशीची होती. पुढे आतली येऊ लागली. सून गेली, पण तिचे कपडे अजून कपाटात आहेत. ऐंशी वर्षांच्या बाईला कुणी वय विचारत नाही. मीठ कमी पडलं तरी जेवणारा सांगत नाही. टायपिस्टबाई प्रत्येकात कुठंतरी शंका खोवायची आणि चष्मा पुसायची.

उत्तरंही लांबत चालली. परिचारिकेनं विचारलं होतं, ऐंशी वर्षांची बाई यात काड्या घालू का? मास्तरनं लिहिलं, "बाईच्या आधी हे शब्द येतात तेव्हा त्यांनी एकमेकांचा हात धरायचा, नाहीतर वाचणारा अडखळतो. बाईच्या मागून आले, तर हात सोडला तरी चालतं. उदाहरण देतो. गुडघे दुखणाऱ्या बाईनं पायऱ्या चढू नयेत."

टायपिस्टबाईनं कागद खाली ठेवला. "बाई, हे उदाहरण कुणाला दिलंय?"

"परिचारिकेला. तिच्याकडे गुडघेदुखीचे लोक येत असतील."

"परिचारिका मी जन्माला घातली. तिला गुडघ्याचा रोगी मी दिला नाही." ती पुढे झुकली. "तुमचा मुलगा तुम्हाला ओळखून आहे."

"तो?" बाई फणकारल्या. "त्याला ताटातलं मीठ ओळखता येत नाही, आणि मला ओळखतोय. वाच पुढचं."

पुढचं पहारेकऱ्याचं होतं; त्याची शंका होती, सून, तिच्या कपड्यांसकट, आठवते का आठवतात? "सून हाच कर्ता, तिच्या मागून आलेले कपडे मोजायचे नाहीत. जसं: नवरा, आणि त्याच्या बरोबरीनं त्याची आई, तिची आठवण काढतो. इथं आईला मोजलेलं नाही, कारण आई आठवण काढते का, हे नवऱ्याला ठाऊक नाही. ती बोलत नाही."

बाईंनी खळीचा ब्रश वाटीत ठेवला. त्या म्हणाल्या, "उन्हं वर आली. निघते."

त्या आठवड्यात त्यांनी एकच वाक्य दिलं. म्हणाल्या, आठही पत्रांत वेगळं काही घाल, पण शिंप्याच्या पत्रात हे घाल: आई गेल्यावर घरात मुलगा आणि टेबल राहतो, का राहतात?

मंगळवारी गठ्ठा आला. संध्याकाळी आपल्या आठांपैकी उत्तरं सात. बाईंनी दोनदा हात फिरवला, टेबलाखाली पाहिलं. शिंप्याला उत्तर नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विन्मुख गेलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच वाक्य पाठवलं. पुन्हा सात.

आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी गठ्ठाच आला नाही.

बाईंनी सुरा घेऊन दहा वाजल्यापासून वाट पाहिली. अकराला पोस्टमन दारावरून पुढे गेला. बाई खिडकीतून ओरडल्या, "अरे, आमचं?" त्यानं रिकामे हात दाखवले.

"येणार नाही," मागून मास्तर म्हणाला.

बाई वळल्या. तो टेबलापाशी उभा होता. टेबलावर पेन नव्हतं, कागद नव्हते.

"शुक्रवारी मी संपादकांना फोन केला. सदर बंद करा म्हटलं."

"काय केलंस?" बाईंचा आवाज चढला. "दहाच्या वर पत्रं येत होती! तो संपादक खूश होता! तुझ्या डोक्यात काय..."

"आई, खळ."

"काय खळ?"

"प्रत्येक पाकिटाच्या कडेला मोरचूद. पहिल्याच दिवशी." तो हळू बोलत होता, जुनं दार उघडताना करकरावं तसा. "मुलखात दुसरं कोण तिकीट मोरचुदाच्या खळीनं लावतं? आणि तो शिंपी. जिन्याखालच्या खोलीत राहतो. त्या खोलीत छताला जिन्याच्या पायऱ्यांचा आकार होता. सहावी पायरी माझ्या अंथरुणावर यायची. मी दर आठवड्याला तो पत्ता स्वतःच्या हातानं लिहायचो."

बाई खुर्चीत बसल्या.

"पाच महिने ठाऊक होतं तुला."

"हो."

"आणि गप्प बसलास. मी काठी टेकत जात होते ते बघत होतास."

"म्हणून लिहिलं होतं, पायऱ्या चढू नयेत."

"लिहिलं होतंस! परिचारिकेला! जीभ झडली होती का तुझी?"

मास्तर खिडकीतल्या वाटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर पत्रं थांबली असती. घरात तू बोलतेस तेव्हा ओरडतेस, आई. पत्रात तू विचारायचीस."

हे लागलं. थोरल्या बाईंना ऐंशी वर्षांत बरंच काही लागलं होतं, पण ते लोकांकडून, आणि लोकांना उलट द्यायला त्यांच्याकडे नेहमी दुप्पट असायचं.

"मग बंद कशाला केलंस?" त्या म्हणाल्या. "मी माझ्यासाठी नव्हते करत. मी गेल्यावर तुझ्याशी मंगळवारी तरी कुणी बोलावं म्हणून."

"दर आठवड्याला मी सही करून कळवतो, की इतकी पत्रं वाचकांची आली. पाच महिने खोटी सही केली. आणखी नको वाटलं."

"मी वाचक नाही?"

त्याच्या तोंडून निघून गेलं, "तू वाचतेस का?"

त्याला लगेच कळलं आपण काय बोललो ते. मान खाली गेली, कान लाल झाले. पाचव्या वर्षी दौत सांडली होती तेव्हा झाले होते तसेच. बाईंनी ते पाहिलं. दुसरीतून काढलेल्या मुलीला कुणी हे ऐकवलं असतं, तर बाईंनी त्याची सात पिढ्यांची कुळकथा काढली असती. पण समोर लाल कान होते.

"शिंप्याला उत्तर का नाही दिलंस?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. त्यात ओरडणं नव्हतं.

मास्तर खुर्चीवर टेकला. "व्याकरण सोपं आहे. मुलगा आणि टेबल, दोन झाले. राहतात. पण लिहायला बसलो की पुढचं उदाहरण सुचेना. दोन्ही मंगळवारी सुचलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, आई."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. डोक्यावर केस उरले नव्हते, कोपराला शाईचा डाग तेवढा पक्का. शाळेनं, साप्ताहिकानं, मुलखानं याला तीस वर्षं सगळं येतं असं मानलं, आणि घरात न येणारी एक गोष्ट सांगायला याला कुणी उरलं नाही. जे उरलं ते ओरडणारं.

त्या उठल्या. खिडकीतली वाटी उचलली. खळीवर साय धरली होती. तिच्यात थोडं पाणी घालून त्यांनी बोटानं मोडली. कोनाड्यातून, पुठ्ठे चढवायला घरी आणलेला टायपिस्टबाईचा शब्दकोश काढून टेबलावर ठेवला. नवा कणा, नवे पुठ्ठे, कडेला निळसर झाक. शेवटचा एक कोपरा चिकटवायचा राहिला होता. तो त्यांनी चिकटवला, वर लाटणं ठेवलं, हात पदराला पुसले, आणि मग मुलाकडे वळून निकाल दिला.

"ऐक, मास्तर. तू मुका नाहीस आणि मूर्खही नाहीस. तू गर्विष्ठ आहेस. तुझ्या बापात हे नव्हतं. हे माझ्याकडून आलंय, म्हणून मला लांबून ओळखू येतं. मी ओरडते, तू गप्प बसतोस, रोग एकच. मी आता सुधारायची नाही, वय गेलं. तू सुधार. उद्या हा कोश उचलायचा आणि माझ्याबरोबर कचेरीसमोर यायचं. तिथं एक बाई आहे. पाच महिने तिनं तुझं अक्षर वाचलंय, तुझं तोंड पाहिलेलं नाही. तिला आभार म्हणायचे, आणि कागदावर नाही, तोंडानं. आणि आता ताट वाढते. भाजीत मीठ कसं आहे ते सांगायचं. 'हं' केलंस तर ताट उचलून नेईन."